न फुटणारा आकडा

"हा आकडा फोडून दाखवता का, बाबा?"

गोदेच्या वाळूत मोरेश्वरानं बोटानं कोरला होता: आठ हजार एकशे एक्क्याण्णव. सांजेचं ऊन असं पातळ झालेलं, की वाळू कुठं संपते न् पाणी कुठं लागतं, कळू नये.

लतीफबाबा फकीर डोळे मिटून बसलेले. "तूच सांग, बेटा."

"नाहीच फुटत! दोनानं नाही, तिनानं नाही, सातानं नाही. नव्वदापर्यंत सगळे लावून पाहिले, एक्क्याण्णवाचा वर्गच याच्यापुढं जातो, पुढं बघायची गरजच नाही. एकाशिवाय कुणी याला भागत नाही." मोरेश्वराची मान ताठ झाली. "मलाही असंच व्हायचंय. कुणाचा वाटा नाही, कुणाची ओढ नाही. आज मला चेला करा."

काठाला लागलेल्या नावेत त्याची थोरली बहीण बसली होती, ठकूआक्का. त्याची बायको बाळंत होऊन चार महिने लोटले, तरी लेकीनं बापाचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणून आक्का बिचारी त्याला न्यायला आली होती.

तिथूनच ओरडली, "मोरू, तो आकडाच घे कडेवर अन् अंगाई गा! लेक काय, मामाच्या दारात रांगायला शिकेल!"

मोरेश्वरानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"यातून त्रेसष्ट काढ," बाबा म्हणाले.

त्यानं काढले. खाली लिहिलं, आठ हजार एकशे अठ्ठावीस. अन् नाक मुरडलं.

"हा? हा तर कुणाच्याही हातचा! अर्धा करा, पुन्हा अर्धा करा, पार एकशे सत्तावीसापर्यंत... नुसता भुगा."

"भुगा गोळा कर."

"म्हणजे?"

"तो स्वतः सोड. बाकी जे जे त्याला पुरतं भागतात, त्यांची बेरीज कर."

एक, दोन, चार, आठ, सोळा... वाळू गार होत गेली. आकडे आपल्या पायांनी येऊन बसू लागले, दिवेलागणीला गुरं दावणीला यावीत तसे. मोरेश्वराला वाटलं, आपण लिहीतच नाही, कुणीतरी लिहून घेतंय.

शेवटला तुकडा मिळवला न् बोट जागीच थांबलं.

आठ हजार एकशे अठ्ठावीस. ना एक कमी, ना एक जास्त.

"आता तुझा आकडा," बाबा म्हणाले.

"त्याचा... तुकडाच एक. तोही एकाचा."

"बेरीज?"

"...एक."

नावाड्यानं दोर सोडला. आक्कानं तोंड पलतीराकडं फिरवलं होतं.

"मग मला चेला नाही करणार, बाबा?" लहान पोराचा असावा तसा त्याचा आवाज निघाला.

बाबांनी तळहातानं वाळू सारखी केली. दोन्ही आकडे गेले.

"आधी वाटला जा, बेटा. मग मोजू."