शेंड्यावरची नोटीस

बागांना नुकतीच कुंपणं येऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका बागेचा कारभार पाहायला पाखरांनी समिती नेमली आणि कावळा तिचा अध्यक्ष झाला. पहिल्याच बैठकीत साळुंकी म्हणाली, "हिरवळीवर सांडलेले फुटाणे मुंग्या पळवतात. काहीतरी करा, साहेब."

कावळ्याने लगेच नियम केला : मुंग्यांनी बागेच्या जमिनीवर चालू नये. पण तो कायद्याने वागणारा होता. "हरकती असल्यास सात दिवसांत समक्ष येऊन नोंदवाव्यात," अशी नोटीस त्याने बुचाच्या झाडाच्या शेंड्यावर, आपल्या घरट्याशेजारी लावली. "इथून उंच जागा बागेत नाही. सगळ्यांना दिसेल," असं त्याला मनापासून वाटत होतं.

सहाव्या दिवशी एका खारीने खाली येऊन मुंग्यांना बातमी दिली. हरकत तर प्रत्येकीचीच होती, म्हणून सगळं वारूळ अंडी उचलून झाडावर चढू लागलं. ती रांग वर पोचली तेव्हा आठवा दिवस उजाडला होता.

"उशीर केलात," कावळा म्हणाला. "मुदत काल संपली. एकही हरकत आली नाही, त्यामुळे नियम मंजूर झाला. आता खाली जा."

म्हातारी मुंगी दम खात म्हणाली, "कशा जाणार, साहेब? खाली जमीन आहे."

तोवर मुंग्यांनी कावळ्याच्या घरट्यात अंडी नीट मांडायला घेतली होती.

त्याच दुपारी नियम मागे घेतल्याची नोटीस लागली. ती झाडाच्या बुंध्याशी होती, जमिनीपासून जेमतेम बोटभर उंचीवर.