नारबाची बिनधुराची वरात

चिंचदरा नावाच्या गावात एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव नारबा. कुणी "जरा थांब" म्हटलं की तो थांबायचा. मग "आता चल" असं कुणी सांगेपर्यंत तिथंच उभा असायचा. एकदा शाळेचे मास्तर सांगायला विसरले, तर नारबा देवळापाशी दुसऱ्या दिवसापर्यंत उभा होता.

घरात त्याची थोरली बहीण हौसाक्का होती आणि तांबड्या नावाचा एक बैल होता. नारबा पस्तिशीला आला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. अक्काला त्याचाच घोर लागलेला. शेवटी खिंडीपलीकडच्या आंबेओहोळची भामा त्याला हो म्हणाली. ती म्हणाली, "भोळा आहे खरा, पण बैलाशी बोलतानासुद्धा आवाज चढवत नाही."

भामाचे वडील आबाजी आंबेओहोळचे सरपंच. त्यांनी एक अट घातली.

"आमचं गाव बिनधुराचं आहे. वेशीवर सरकारनं दिलेला तसा फलक आहे. नवरदेव बॅटरीच्या गाडीतूनच आला पाहिजे. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. तो चुकला तर लग्न मोडलं."

"आबा, बैलगाडीतून आलो तर? तांबड्यालाही धूर नाही," नारबा म्हणाला.

"धूर नाही, ते खरं. पण बैलगाडीचा फलक देत नाहीत," आबाजी म्हणाले.

मग नारबा तालुक्याला गेला. बॅटरीची तीनचाकी गाडी घेतली. दुकानदार म्हणाला, "एकदा चार्ज केली की शंभर किलोमीटर जाते."

"चढ लागला तर?"

"मग थोडी कमी."

"चार माणसं बसली तर?"

"आणखी थोडी कमी."

"ऊन असलं, समोरून वारा आला तर?"

"त्यानंही कमीच."

"मग शंभर कधी जाते?"

"कागदावर जाते," तो म्हणाला.

"एवढा मोठा कागद तुमच्याकडं मिळतो का?" नारबानं विचारलं.

कागद मिळाला नाही. नारबा तसाच निघाला. ओढ्यापाशी गाडी थांबली ती थांबलीच. नारबानं शेजारच्या शेतातून कडब्याची पेंडी मागून आणली. गाडीच्या तोंडापुढं ठेवली आणि वाट बघत बसला. उन्हं कलली तेव्हा अक्का शोधत आली.

"काय करतोस रे?"

"दमलीय, पण खात नाही."

"अरे, गाडी वैरण खात नसते. गाडी दमली की तिची वायर भिंतीतल्या भोकात खुपसायची. हिरवा दिवा लागेपर्यंत हात लावायचा नाही."

"बरं अक्का. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी तांबड्या नांगरटीवरून दमून आला. नारबानं त्याच्या दाव्याचं टोक भिंतीतल्या भोकात खुपसलं आणि समोर बसून शिंगांकडं बघू लागला. हिरवा दिवा कुठल्या शिंगावर लागेल ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून दोन्हींवर लक्ष ठेवावं लागत होतं. तांबड्या हंबरून हंबरून थकला तेव्हा अक्का बाहेर आली.

"अरे, उन्हातान्हातून दमून आलेल्याला आधी गार पाणी दाखवावं. चार तांबे अंगावर ओतावेत. जीव निवतो."

"बरं अक्का. पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी गाडी खिंडीपर्यंत जाऊन आली. चांगली तापली होती. नारबानं बसायची फळी उचलली आणि खालच्या बॅटरीवर चार तांबे ओतले. जीव निवल्यासारखा दिसेना, म्हणून आणखी आठ ओतले. गाडी फुस्स म्हणाली आणि गप्प झाली. तालुक्याहून मिस्त्री आला. त्याला ती सुकवायला तीन दिवस लागले.

"बाबा रे, हिला पाणी म्हणजे विष," मिस्त्री म्हणाला. "उन्हातून आली की प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळायची, कोपऱ्यात ठेवायची आणि थेंब लागू द्यायचा नाही."

"बरं मिस्त्री. पुढच्या वेळी तसंच करतो."

गाडी सुकली त्याच्या दुसऱ्या दिवशी भामाचे धोंडीमामा लग्नाची बोलणी पक्की करायला आले. भर दुपारी खिंड चालून आले होते.

"नारबा, पाणी दे बाबा. घशाला कोरड पडलीय."

"थेंब मिळणार नाही मामा. तुम्ही उन्हातून आलात."

अक्का नदीवरून आली तेव्हा कोपऱ्यात प्लास्टिकचं एक गाठोडं उभं होतं आणि ते शिव्या देत होतं. अक्कानं मामांना सोडवलं, पाणी पाजलं, हात जोडले. मामा म्हणाले, "भामाकडं बघून गप्प बसतो. पण मुहूर्ताला एक मिनिट उशीर झाला, तर आबाजींच्या आधी मीच मोडतो हे लग्न."

मामा गेल्यावर अक्का डोळे पुसत म्हणाली, "अरे, दारी आलेल्याला आग्रह करावा. पुरे म्हणाला तरी वाढावं. लोक भिडेपोटी पुरे म्हणतात. त्यांचं ऐकू नये."

"बरं अक्का. रडू नको. पुढच्या वेळी तसंच करतो."

लग्नाला दोन दिवस राहिले. गाडी चार्जिंगला लावली होती. हिरवा दिवा लागला.

"भिडेपोटी पुरे म्हणतेस होय?" नारबा गाडीला म्हणाला. "लाजू नको. आपलंच घर आहे."

त्यानं शेजारच्या घरातून एक वायर आणली. पिठाच्या गिरणीतून दुसरी आणली. सगळ्या एकत्र जोडल्या आणि आग्रह सुरू केला. थोड्या वेळानं चावडीमागं धडाम असा आवाज झाला. गावाची डीपी जळाली. घरोघरचे दिवे गेले आणि गिरणी बंद पडली.

नारबानं वायरमनला त्याच गाडीतून तालुक्याहून आणलं आणि परत नेऊन सोडलं. त्यात सगळा चार्ज संपत आला. नवी डीपी यायला आठ दिवस लागणार होते. जाताना वायरमन म्हणाला, "भार झाला की असंच होतं. भार झाला की आधी भार उतरवायचा. एकेक करून सगळा उतरवायचा."

"बरं दादा. पुढच्या वेळी तसंच करतो."

लग्नाच्या सकाळी मांडववाल्याचा डिझेलचा जनरेटर आणून गाडी चार्ज केली. जनरेटरनं असा धूर सोडला की नारबाचा पांढरा फेटा करडा झाला. वाळत घातलेले पापड काळे झाले.

"अक्का, गाडी बिनधुराची ना?"

"गाडी बिनधुराचीच आहे. धूर जनरेटरचा आहे."

"मग आबाजींच्या फलकाला चालेल का?"

"फलक खिंडीपलीकडं आहे," अक्का म्हणाली. "त्याला इथलं दिसत नाही."

जनरेटरमधलं डिझेल संपलं तेव्हा गाडी अर्धीच भरली होती. वेळ नव्हता. गाडीत नारबा, अक्का, दोन वाजंत्री आणि नवरीच्या कपड्यांची ट्रंक. खिंडीचा चढ लागला आणि गाडी मुंगीसारखी चालू लागली.

"भार झाला," नारबा म्हणाला. त्यानं वाजंत्री उतरवले. मग ट्रंक उतरवली. मग अक्काकडं बघितलं.

"अरे, मी करवली आहे," अक्का म्हणाली.

"करवली आहेस अक्का, पण भारही आहेस."

मुहूर्त चुकेल या भीतीनं अक्का मुकाट्यानं उतरली. गाडी वळणापर्यंत गेली आणि थांबली. आता सगळ्यात जड काय राहिलं? नारबानं फळी उचलून बघितली. मग त्यानं बॅटरी सोडवली आणि ओढत नेऊन कडेच्या दगडावर ठेवली.

गाडी एकदम हलकी झाली. एका माणसानं ढकलली तरी चालू लागली. नारबानं ती माथ्यापर्यंत ढकलली, मग आत बसला. पुढं उतारच होता. बारा वाजून अठरा मिनिटांनी गाडी आवाज न करता मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली.

मांडवात तालुक्याचे साहेब आले होते.

"वा. धूर नाही, आवाज नाही," साहेब म्हणाले. "येताना वीज किती खाल्ली?"

"वळणापासून पुढं काहीच नाही साहेब."

"चढालासुद्धा?"

"माथ्याच्या चढाला तर मुळीच नाही."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. गाडीचा फोटो काढला. गावाला दुसरा फलक मंजूर केला. आबाजींनी मिशीवरून हात फिरवला. बारा वीसला अंतरपाट दूर झाला आणि नारबाचं लग्न लागलं. तिकडं अक्कानं रस्त्याच्या कडेला उभं राहूनच खिंडीच्या दिशेनं अक्षता टाकल्या. वाजंत्र्यांनी तिथंच वाजवलं. मग ती माप भरून ठेवायला घरी परतली.

दुपारी भामाची पाठवणी झाली. आबाजींचे डोळे भरून आले. वेशीपर्यंत सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. पुढं नारबा एकटाच ढकलू लागला. भामा आत बसली होती. चढ लागला.

इकडं चिंचदऱ्यात सारा गाव नारबाच्या दारात जमला. उंबऱ्यावर मापटं भरून ठेवलेलं. अक्का ओवाळायचं ताट घेऊन उभी. उतारावरून गाडी आली, भरधाव आली, आवाज न करता आली आणि दारात थांबली. नारबा हसत उतरला. अक्कानं आत वाकून बघितलं. गाडीमागं जाऊन बघितलं.

"नारबा, नवरी कुठं आहे?"

"भार झाला अक्का. खिंडीत उतरवली."

अक्कानं ताट उंबऱ्यावर ठेवलं. अक्का हलक्या आवाजात म्हणाली, "अरे बाबा, आपण ही गाडी आणली कशासाठी होती?"

नारबानं फेटा काढून हातात घेतला. मग म्हणाला, "ते मला कुणी सांगितलंच नाही, अक्का."