मापाऱ्याचा पाळणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पक्षी माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत. मुलांनो, तुम्ही पुढे बसा. मोठ्यांनी मागे उभं राहून ऐकलं तरी चालेल. खरं तर ही गोष्ट त्यांचीच आहे.

एका राज्यात राजाच्या कोठारावर एक मापारी होता. शेतकरी धान्य आणत. हा माप भरी, वरून काठी फिरवून ते सपाट करी आणि पुढचं माप घेई. चाळीस वर्षांत त्याच्या हातून मूठभर धान्यही इकडचं तिकडे झालं नाही. त्यामुळे चुका फक्त दुसऱ्यांच्या होतात, असा त्याचा हळूहळू समज झाला होता.

वय झालं तसं राजानं त्याला शाल देऊन घरी पाठवलं. मापाऱ्याला लहानपणापासून सुतारकामाची हौस. घरामागच्या पडवीत आपलं छोटंसं सुतारकामाचं दुकान मांडायचं, एवढीच त्याची इच्छा होती. दुकान म्हणजे विकायला नव्हे हो, स्वतःच्या आनंदासाठी.

त्याच सुमारास त्याची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, म्हणून सगळ्यांचा जीव त्या बाळात अडकला होता. डोहाळजेवणाला विहीणबाई दोन दिवसांची वाट तुडवून आल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरचा पाळणा पाठवून देते."

"नको," मापारी म्हणाला. "माझ्या नातवंडाचा पाळणा मी माझ्या हातानं करीन."

ते ऐकून लेकीचे डोळे भरून आले. शब्द दिला गेला.

आता त्या गावची एक रीत होती. मूल जन्माला येण्याआधी त्याच्या पाळण्याच्या लाकडाला हत्यार लावायचं नाही. बाळ आलं की काम सुरू करायचं आणि बाराव्या दिवशी, बारशाला, पाळणा टांगायचा. बाळ यायला अजून चार महिने होते.

ते चार महिने मापाऱ्यानं काय केलं? पडवी सारवली. भिंतीत खुंट्या ठोकल्या. करवत आणली, रंधा आणला, लहानमोठ्या पाच पटाश्या आणल्या. प्रत्येक हत्याराची खुंटी ठरलेली. रोज सकाळी तो सगळी हत्यारं उतरवी, तेलाच्या फडक्यानं पुसी, परत टांगी आणि समोर बसून पाही. कोपऱ्यात सागवानाची एक सुरेख फळी उभी होती. तिच्यावरून तो नुसता हात फिरवी. सुखी होता बिचारा.

गावचा म्हातारा सुतार एकदा डोकावला. "झकास मांडलंय," तो म्हणाला. "आता एखादा पाट करा. पोळपाट करा. हात बसेल."

"छे, पहिला घाव पाळण्याचाच."

बायको म्हणाली, "अहो, माझ्या पाटाची पट्टी निघालीय. तेवढी तरी ठोकून द्या."

"अगं, तेवढ्यासाठी कोरी हातोडी खराब करू?"

बायकोनं पट्टी वरवंट्यानं ठोकली आणि ती पक्की बसली. पडवीशेजारच्या फणसाच्या वाळक्या फांदीवर एक सुतारपक्षी राहायचा. त्यानं हे पाहिलं, मान वाकडी केली आणि पुन्हा आपलं टकटक सुरू केलं.

एके दिवशी पहाटे लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी सकाळी मापाऱ्यानं करवतीला नमस्कार केला आणि फळीवर चालवली.

करवत डावीकडे पळाली. फळीची एक बाजू बोटभर मोठी झाली. मापारीच तो, त्याला ते कसं खपावं? त्यानं मोठी बाजू कापली, तर ती लहान झाली. मग दुसरी कापली. रंधा लावला तर लाकडाचे टवके उडाले. तो म्हणाला, करवतच वाईट निघाली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! एका फळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि दहाव्या दिवशी दुपारी जे काही उरलं, त्यात फार तर मांजराचं पिल्लू निजलं असतं.

विहीणबाई घरून निघाल्या होत्या. म्हातारा सुतार दूरच्या गावी एका छपराच्या कामाला गेला होता. मापारी लाकडाच्या भुशात खाली बसला. नऊ वर्षांनी आलेलं मूल, आणि त्याला निजवायला पाळणा नाही. त्याला रडू फुटलं.

"मापारीबुवा," वरून सुतारपक्षी म्हणाला, "माझी ही ढोली कितवी असेल?"

"पहिलीच की."

"सातवी. पहिलीत पाणी साचलं. दुसरीत माझं मलाच शिरता येईना. तिसरी कोरताना चोच अडकली आणि सगळं रान हसलं. पुढच्या तीन साळुंक्यांना दिल्या, त्यांचं भागलं. या सातवीत माझी पिल्लं आहेत."

"हे मला आता सांगतोस?"

"आधी तुला ऐकू आलं नसतं. तुझं सगळं लक्ष फडक्याकडे होतं."

मापाऱ्यानं डोळे पुसले. "परवा बारसं आहे. परवापर्यंत मला पाळणा यायचा नाही."

"नाहीच यायचा," पक्षी म्हणाला. "पण चाळीस वर्षांत या हातांनी काहीच केलं नाही का?"

मापारी आपल्या हातांकडे बघत राहिला. माप सपाट करायची काठी वर्षभरात झिजायची. दर वर्षी तो नवी काठी स्वतः तासायचा, घासायचा. तिला एक कुसळ राहिलं तर धान्याचे दाणे अडकायचे, म्हणून गालावर फिरवून बघायचा. अशा चाळीस काठ्या त्यानं केल्या होत्या. सुतारकाम म्हणून त्यानं त्या कधी मोजल्याच नव्हत्या.

तो उठला आणि आधी लेकीकडे गेला. "पोरी, पाळणा झाला नाही. लाकूड वाया गेलं. चुकलो मी."

लेक म्हणाली, "ठाऊक आहे, बाबा. आठ दिवस तुम्ही जेवताना माझ्याकडे बघत नाही."

मग त्यानं बायकोला विचारलं, "अगं, तुझं जुनं मऊ लुगडं आहे का?" तिनं ते लगेच काढून दिलं.

लुगड्याची झोळी झाली. झोळीचं कापड बाळाच्या तोंडावर येऊ नये म्हणून वर एक आडवी काठी लागते. मापाऱ्यानं सागवानाचा एक वाया गेलेला तुकडा उचलला आणि दीड दिवस खपून त्याची काठी केली. या वेळी करवत पळाली नाही, कारण हातांना काम ठाऊक होतं.

बारशाला विहीणबाई आल्या. आढ्याला झोळी बघून त्या थबकल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मापाऱ्यानं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.

विहीणबाई झोळीजवळ गेल्या. काठीवरून हात फिरवला, मग गाल टेकवून पाहिला. एक कुसळ नव्हतं.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "माझी पाचही पोरं झोळीत वाढली. आमचा पाळणा करकरतो फार. मलाच धास्ती होती, तुम्ही हो म्हणाल म्हणून."

सगळ्या हसल्या. बाळाला झोळीखालून आणि झोळीवरून घेतलं, नाव ठेवलं, आणि ते झोका मिळताच झोपी गेलं. मापारी ओट्यावर येऊन बसला. कितीतरी दिवसांनी त्याचा श्वास पोटापर्यंत गेला. इतकं हलकं त्याला शाल मिळाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हत्यारं खुंटीवर कमी आणि हातात जास्त दिसू लागली. पहिला पाट डुगडुगला. पहिला पोळपाट असा झाला की पोळ्या लांबट होत. बायको त्याच खुशाल वाढी. पडवीत भुसा पडला, पटाश्यांची धार गेली, त्यानं ती परत लावली. सहाव्या महिन्यात पाळणा झाला. त्याची एक बाजू बोटभर मोठी होती. मापाऱ्यानं ती पाहिली, हसला आणि तशीच राहू दिली.

तात्पर्य : जे काम एक दिवस चांगलं व्हावं असं वाटतं, ते आधी पुष्कळ दिवस वाईट करायची लाज धरू नये.