शंभरपैकी नव्वद

“दादासाहेब कस्तुराची टपरी उचलून…”

एवढंच इंदूताईंच्या कानावर पडलं आणि गिरणीचा पट्टा घरघरायला लागला. पुढचं सगळं पिठात गेलं! शहाण्या बाईने गिरणी थांबायची वाट पाहिली असती. पण इंदूताईंना दळण ठेवून धीर धरता यायचा, बातमी ठेवून नाही. घरी पोचेपर्यंत त्यांनी वाटेतल्या प्रत्येक दारात ती टपरी उचलून ओढ्यात फेकून दिली होती!

शेवटचं दार कस्तुराचं. शेजारच्या शेतकऱ्याची ही पोर दादासाहेबांच्या डेअरीमागच्या बोळात, त्यांच्याच जागेत भाडं भरून, टायर-पंक्चरची टपरी चालवायची. घरची चूल त्या टपरीवरच पेटायची.

“अजून उचललेली नाही, मावशी,” कस्तुरा म्हणाली. “आधी त्यांनी घातलेला पेच बघा.”

पेच भलताच होता. दादासाहेब आणि त्यांचे व्याही, दोघांनी एकाच रंगाच्या, अगदी सारख्या मोटारसायकली घेतल्या होत्या. उद्या जत्रेत त्या देवळापुढे शेजारी शेजारी उभ्या राहणार. दादासाहेबांनी फर्मावलं होतं, “माझी गाडी व्याह्यांच्या गाडीपेक्षा उंच झाली पाहिजे! शॉकअपला हात लावायचा नाही. सीटवर उशी नको. रिम तीच. आणि मागच्या टायरवर जो नव्वदचा आकडा आहे, तो कमी झाला पाहिजे. नातू म्हणतो, हल्ली कमी आकड्याचीच फॅशन आहे. नाही जमलं तर तुझी टपरी उचलली म्हणून समज!”

इंदूताईंनी पदर खोचला, कस्तुराबरोबर टपरी गाठली आणि तिथं उभ्या असलेल्या दादासाहेबांच्या गाडीपुढे बसकण मारली. टायरवर लिहिलं होतं १००/९०-१७.

“अगंबाई, शंभरपैकी नव्वद! तुझा टायर तर हुशार निघाला गं! मला सातवीत गणितात पस्तीस होते, त्यातले दोन गुरुजींनी दया म्हणून दिले.”

कस्तुरा हसली. “मावशी, शंभर ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. सतरा म्हणजे रिमचे इंच. आणि नव्वदवरून कळतं, रिमच्या वर टायर किती उभा राहतो.”

“मग उभा राहतो नव्वद मिलिमीटर! त्याचे ऐंशी केलेस की गाडी बसलीच खाली! सामान बांध, पोरी. मी पोती आणते.”

“पोती राहू द्या. तुम्ही पहिल्यांदा बोललात तेच बरोबर होतं.”

आयुष्यात एकदा आपण बरोबर बोललो आणि ते नेमकं काय, हेच इंदूताईंना आठवेना!

दुसऱ्या दिवशी देवळापुढे ही गर्दी. इंदूताई अर्थातच सगळ्यांत पुढे. दादासाहेबांनी वाकून नवा टायर वाचला. १२०/८०-१७.

“ऐंशी? म्हणजे आकडा उतरला आणि गाडीही उतरली! काय गं पोरी, मला फसवतेस?”

“मी आधीच म्हटलं होतं!” इंदूताई बोलून गेल्या, आणि कस्तुराकडे पाहून त्यांनी जीभ चावली.

कस्तुरा शांत होती. “दादासाहेब, एक विचारू? एका शेतात ज्वारी झाली शंभर पोती, त्यात तुमचा वाटा शेकडा नव्वद. दुसऱ्या शेतात झाली एकशेवीस पोती, त्यात वाटा शेकडा ऐंशी. तुम्ही कुठला वाटा घ्याल?”

धान्याच्या हिशोबाला दादासाहेबांना बोटं लागत नसत. “दुसऱ्या शेतातला! नव्वद पोती कुठं आणि शहाण्णव कुठं! मला काय खुळा समजलीस?”

“घेतलात ना? मग टायरनेही तोच घेतला!”

“आं?”

“तो आकडा उंचीचा नाही दादासाहेब, वाट्याचा आहे. रुंदीचा जेवढा शेकडा वाटा, तेवढा टायर रिमवर उभा. शंभरातल्या नव्वदपेक्षा एकशेवीसातले ऐंशी टक्के जास्तच!”

“मोजा!” दादासाहेब गरजले.

मोजायला इंदूताईच सरसावल्या. जमिनीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोरी धरली, आधी व्याह्यांच्या गाडीला, मग दादासाहेबांच्या. दोरीला दोन गाठी पडल्या. दादासाहेबांची गाठ वर होती, पण डोळे बारीक करून पाहावं इतकीच!

“एवढंच?” दादासाहेबांचा आवाज चढला. “हे तर भाकरीच्या जाडीएवढं झालं!”

“उंच पाहिजे म्हणालात. किती, ते कुठं म्हणालात?” कस्तुरा म्हणाली. “आणि व्याह्यांपेक्षा एक भाकर वरचढ, ही काय थोडी झाली?”

आधी व्याही फिसकन हसले, आणि त्यांच्यामागून दादासाहेब असे हसले की गाडीला धरूनच उभं राहावं लागलं!

“जिंकलीस, पोरी!” डोळे पुसत ते गड्यांकडे वळले. “उचला रे हिची टपरी!”

इंदूताईंच्या हातून दोरी गळाली.

“आणि डेअरीच्या दारात, ऐन रस्त्यावर नेऊन मांडा! भाडं माफ! सकाळ-संध्याकाळ गावातली एकूण एक गाडी तिथं थांबते. हिच्या हाताला उसंत मिळता कामा नये!”

गडी निघाले. टपरी उचलली गेली, हे अगदी खरं. ओढा तेवढा इंदूताईंच्या पदरचा होता.