रानपिंगळीची ढोली

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, शपथ घेऊन सांगतो. मी ती पाहिलेली नाही, आणि ज्याने मला सांगितली तोही तिथे नव्हता. पण म्हणून काही ती खोटी ठरत नाही.

फार पूर्वी, माणसं झाडाला विचारून कुऱ्हाड उचलत, तेव्हा एका गावात एक लाकूडतोड्या राहत होता. त्याच्या अंगणातल्या आंब्यात एक पिंगळा होता. पिंगळा म्हणजे लहानसं, ठिपक्याठिपक्यांचं घुबड. दिवसभर डुलक्या घ्यायचा, दिवेलागणीला बाहेर पडून कलकलाट करायचा.

लांब सागाच्या रानात त्याची चुलत बहीण होती, रानपिंगळी. तोंडावळा तोच, अंगावर ठिपके कमी, आणि रीत अगदी उलटी. तिचा नवरा भर उन्हात सापसुरळ्या पकडून आणायचा, आणि सांज झाली की तिचं बिऱ्हाड ढोलीत चिडीचूप. पिंगळा तिला चिडवायचा, की उन्हात शिकार करणाऱ्या घुबडाला नातलग म्हणायची मला चोरी झाली आहे.

लाकूडतोड्याचा एक नेम होता. ढोली असलेलं झाड तोडण्याआधी तो संध्याकाळी त्याखाली बसून राही. पाखरू बाहेर पडलं, तर झाड सोडून देई.

एके दिवशी त्याने रानपिंगळीचाच साग हेरला. ढोलीत तिची पिलं होती, अजून पंख न फुटलेली.

बायको म्हणाली, "अहो, एकदा सकाळीही बघून या."

"घुबडं कधी सकाळी बाहेर पडतात का? आपल्या आंब्यातला रोज बघतेस ना," तो म्हणाला.

पिंगळ्याने ते ऐकलं आणि तो तडक रानात गेला. रानपिंगळी म्हणाली, "दादा, माणूस खाली असताना मी पिलांवरून उठणार नाही. जमणारच नाही मला."

"तू बस. बाहेर पडायचं काम माझं."

संध्याकाळी ढोलीतून पिंगळा कलकलत बाहेर पडला. लाकूडतोड्याने झाडाला हात जोडले आणि तो घरी गेला.

आता कबूल करतो. पाखरं बोलली हे मी रचलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. पिंगळा धावून आला, हेही माझंच. पिलांसाठी रचावंसं वाटलं. त्या संध्याकाळी ढोलीतून कोणीच बाहेर आलं नाही. लाकूडतोड्या वाईट नव्हता, नेम त्याने तंतोतंत पाळला होता. निर्धास्त मनाने त्याने कुऱ्हाड चालवली, आणि झाड आडवं झाल्यावर त्याला पिलं दिसली.

म्हणून सांगतो: ओळखीच्याची रीत अनोळख्याला लावली, की भरलेलं घरही रिकामं दिसतं.