ईशान्य वाऱ्याची सुटका

एका राज्यात उथळ समुद्राकाठी वीरबाहू राजा नांदत होता. तिथले पाणी सहा महिने नैर्ऋत्य वाऱ्यामागे जाई, सहा महिने ईशान्य वाऱ्यामागे परते. गलबते एका वाऱ्याने जात, दुसऱ्याने घरी येत.

एके वर्षी कृष्णजट जादूगाराने ईशान्य वारा कोंडला आणि नैर्ऋत्य वारा आपल्या हुकमात ठेवला. पाणी एकाच दिशेने वाहू लागले, मासळी त्याच्या बेटापाशी साचली, आणि राजाची चाळीस गलबते पैलतीरी अडकली. त्यांवर धर्मोजी तांडेल, म्हणजे खलाशांचा नायक, होता. तीन वर्षे वाट पाहून त्याची लेक केतकी राजाकडे आली आणि तिने होडी मागितली.

राजा म्हणाला, "जाशील, पण परतशील कशी?"

"वारा घेऊन येईन, महाराज."

वाटेत एक समुद्रपक्षी डोलकाठीवर बसून बोलू लागला. वारा मातीच्या कुंभात आहे, कुंभ बेटाजवळ समुद्रतळी आहे, आणि त्याला हात लावील त्याचे मीठ होते, असे त्याने सांगितले. जादूगाराला कोणी कमी लेखलेले खपत नाही, हेही सांगितले.

केतकी विचारात पडली. खोल समुद्रात वारा वरचेच पाणी ओढतो. पण इथे खोली जेमतेम वीस पुरुष, म्हणजे वीस माणसांच्या उंचीइतकी. इथे वाऱ्याचा हुकूम तळापर्यंत पोचेल.

बेटावर उतरून ती कृष्णजटाला म्हणाली, की तुझा वारा नुसता फेस हलवतो असे ऐकले आहे. त्याने हसून नैर्ऋत्य वारा सोडला. वरचे पाणी धावले.

"हे वरवरचे झाले," केतकी म्हणाली.

त्याने दुप्पट वारा सोडला. मधल्या पाण्यातले माशांचे थवे वाहून गेले. केतकीने वाकून पाण्यात पाहिले.

"तळ अजून जागचा हलला नाही."

कृष्णजटाने संतापून उरलेला सारा वारा सोडला. तळाची वाळू उठली, कुंभ गडगडत गेला आणि बेटाच्या काठच्या प्रवाळाच्या खडकावर फुटला. ईशान्य वारा मोकळा झाला. संतापात आपलाच मंत्र विसरून जादूगार तुकडे गोळा करायला पाण्यात धावला. पहिल्याच तुकड्याला हात लागताच त्याचे मीठ झाले आणि ते विरघळले.

पाण्याने दिशा बदलली. आठव्या दिवशी चाळीस शिडे बेटापाशी आली. धर्मोजीने लेकीला पुढच्या गलबतावर घेतले, सारी हकीकत ऐकली आणि सुकाणू तिच्या हाती दिले.

"आता तू ने," तो म्हणाला. "मी शिडाकडे बघतो."

त्यांचे पाणी जसे अखेर परतले, तसे दूर गेलेले सारे सुखरूप घरी परतोत.