दुपारचं वांगं

फार पूर्वी, जिथे वाळू अमाप आणि सावली मोजकी, अशा एका वाळवंटाच्या काठी एक गाव होतं. पाऊस त्या गावाला ओळखत होता, पण जाण्यायेण्याचा संबंध ठेवत नव्हता. त्या गावात एक माळीण राहायची. घरात सासू होती, दोन धडधाकट दीर होते. नवरा उंटांच्या तांड्याबरोबर वर्षातले आठ महिने बाहेर असायचा. आणि दाराशी होता वांग्यांचा एक वाफा.

गावात विहीर एकच. तिच्या पाण्याचा नियम असा, की मार्गशीर्षात चंपाषष्ठीला देवाच्या भरीत-रोडग्यासाठी जो टोपलीभर वांगी आणेल, त्याला पुढचं वर्षभर वाफ्यासाठी रोज चार घागरी पाणी. ज्याची वांगी येणार नाहीत, त्याची पाळी बंद. पाळी बंद म्हणजे वाफा बंद, आणि वाफा बंद म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसरं गाव शोधायचं. पाटील या नियमाचा फार अभिमान बाळगत. दुपारी मात्र ते ओसरीवर झोपत.

त्या वर्षी वैशाख फारच तापला. वांग्यांना जांभळी फुलं यायची आणि दुसऱ्या दिवशी देठासकट गळून पडायची. दुपार झाली की पानं माना टाकायची. ते पाहून माळणीचा जीव खालीवर व्हायचा.

"तहानली गं माझी लेकरं," म्हणत ती, विहिरीच्या चार घागरी सकाळीच घालून झालेल्या असल्या तरी, घरातली भरलेली घागरही वाफ्यात ओतायची आणि तीच रिकामी घागर घेऊन कोरड्या नदीतल्या झिऱ्याकडे निघायची. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाणी पाझरणार थेंबाथेंबानं, ती भरणार वाटीवाटीनं. परत येईपर्यंत दिवस मावळायला आलेला असायचा. बघते तर पानं ताठ उभी!

"बघा आत्याबाई, पाणी मिळालं तशी उठली," ती सासूला सांगायची.

"ती उठली गं. तू बस आता जरा."

"मी बसले तर वाफा बसेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारीणही काही कमी नव्हती. "तू एक खेप करतेस? मी दोन करते," ती म्हणायची. मग माळीणही दोन करू लागली. पहिली खेप पहाटे, दुसरी भर उन्हात. तळपायांना फोड आले, खांद्याला घट्टे पडले. फुलं तरीही गळतच होती, आणि आता खालची पानंही पिवळी पडू लागली होती. दोघे दीर खाटेवरून हळहळत होते.

एके दुपारी भरलेली घागर घेऊन ती वाफ्याकडे निघाली, तोच उंबऱ्याशी पाय अडखळला आणि घागर फुटली. घरात दुसरी घागर होती. पण माळणीला काही उठवेना. ती तिथेच भिंतीच्या वीतभर सावलीत बसली आणि मोठ्यानं रडली.

"मला वीट आलाय," ती वांग्यांनाच म्हणाली. "तुमचा, पाण्याचा, चंपाषष्ठीचा, सगळ्याचा. मरायचं तर मरा."

रडून झाल्यावर ती नुसतीच बसून राहिली. किती वर्षांनी ती दुपारची बसली होती, तिलाच आठवेना. सावली वीतभराची हातभर झाली. ऊन कलंडलं. आणि तिच्या डोळ्यांसमोर एका पानानं मान उचलली. मग दुसऱ्यानं. संध्याकाळपर्यंत सगळा वाफा उभा राहिला. त्या दुपारी त्याला कुणी थेंबभर पाणी दिलं नव्हतं.

हे रोजच होत असणार. पण त्या वेळी ती रोज झिऱ्यावर असायची, तर तिला दिसणार कसं?

तिनं मातीत बोट खुपसलं. आत चिखल होता, रोजच्या दुपारच्या पाण्यानं उकडलेला. मुळांना कुजकट वास येत होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "यांना पाणी नको होतं हो. यांना दुपारभर नुसतं पडून राहायचं होतं. फुलंसुद्धा भार झाला म्हणून टाकत होती बिचारी."

सासू म्हणाली, "तू कधी टाकणार?"

दुसऱ्या दिवशी माळणीनं विळा घेतला आणि झाडांचा भार उतरावा म्हणून एकेक झाड वीतभर खुंट ठेवून छाटून टाकलं. बुडाशी बाजरीचं सरमाड, म्हणजे वाळकी ताटं, पसरलं. मग दिरांना म्हणाली, "उद्यापासून पहाटे विहिरीच्या दोनच घागरी, त्याही तुम्ही घालायच्या. दुपारी मी उठणार नाही."

"पण वहिनी, दुपारी पाहुणे आले तर?"

"त्यांनाही झोपवा."

गाव हसलं. "हातानं पायावर धोंडा मारून घेतला," असं पाटील म्हणाले. शेजारणीनं ईर्षेनं तिसरी खेप सुरू केली.

आषाढ आला, चातुर्मास लागला. चातुर्मासात वांगं कुणी खात नाही. खाणाऱ्यांना तेवढी सुट्टी असते, पिकवणाऱ्यांना नसते. माळणीनं मात्र ती घेतली. तरी श्रावणातही खुंट उघडे ते उघडेच, तेव्हा ती घाबरली. पडल्या जागी तिचा डोळा लागेना. झिऱ्याकडे धावावंसं वाटे. पण ती गेली नाही.

भाद्रपदात खुंटांना कोंब फुटले. दसऱ्यानंतर हवा निवली, तशी फुलं आली आणि या वेळी टिकली. चंपाषष्ठीला माळणीची टोपली भरली, काठोकाठ, वर एकही जादा वांगं नाही. शेजारणीची झाडं मुळातून कुजून केव्हाच गेली होती.

"हिची पाळी बंद," पाटील देवळासमोर शेजारणीकडे बोट दाखवून म्हणाले. शेजारणीनं आपली रिकामी टोपली पदराखाली घेतली.

"मला दोनच घागरी लागतात," माळीण म्हणाली. "उरलेल्या दोन तिला द्या."

"आणि नियम?"

"पाटील, एवढी वर्षं आम्ही दुपारी पाणी वाहत होतो, तेव्हा तुम्ही झोपलेले असायचात. वांग्यांचं तुम्हालाच आधी कळलं होतं म्हणायचं."

लोक हसले. पाटीलही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दोन घागरी शेजारणीला मिळाल्या.

पुढच्या वैशाखात, भर दुपारी, शेजारीण घागर घेऊन धावत आली. "अगं ऊठ! माझ्या वांग्यांनी माना टाकल्या!"

माळीण भिंतीच्या सावलीत आडवी होती. तिनं डोळेही उघडले नाहीत.

"मीही टाकलीय. संध्याकाळी ये."

शेजारणीनं एकदा आपल्या वाफ्याकडे वळून पाहिलं. मग तिनं घागर पालथी घातली आणि माळणीशेजारी अंग टाकलं.

तात्पर्य इतकंच: दुपारी मान टाकलेल्याला वठलेलं म्हणू नये, संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. झाडाची पाहावी, माणसाची पाहावी, आणि स्वतःचीही.